‘एस’खालचं टिंब

सकाळी ९:३०

सदाशिव पेठेतल्या आमच्या खोलीत काम चालतं ते अक्षरजुळणीचं, आणि त्यातही इंग्रजी पुस्तकांत येणाऱ्या संस्कृतचं. सध्या हातात हस्तलिखितांवरच्या लेखांचं चारशे पानी पुस्तक आहे. लेखक निवृत्त प्राध्यापक. मजकूर इंग्रजी, पण दर ओळीत दोन-तीन संस्कृत शब्द रोमन लिपीत, खुणांसकट: ‘ए’च्या डोक्यावर आडवी रेघ म्हणजे आ, ‘एस’खाली टिंब म्हणजे ष, ‘एस’वर तिरकी रेघ म्हणजे श. या पद्धतीचा पाया १८९४ साली जिनिव्हाच्या प्राच्यविद्या परिषदेत घातला गेला. संस्कृत लिहायला साध्या इंग्रजी अक्षरांखेरीज सोळा जादा अक्षरं लागतात, मोठी लिपी धरली तर बत्तीस.

ही खूण शोभेची नाही, हे मी कामाला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते. सकल म्हणजे सगळं, शकल म्हणजे तुकडा. रोमनमध्ये या दोन शब्दांत फरक फक्त पहिल्या अक्षरावरच्या त्या तिरक्या रेघेचा. हस्तलिखितांच्या पुस्तकात पोथी पूर्ण आहे की तिचा तुकडा उरला आहे, हे त्या रेघेवर ठरू शकतं.

फाइल उघडली आणि पहिल्याच पानावर ‘कृष्ण’ वाचता येईना. ‘आर’च्या जागी आइसलँडच्या भाषेतलं थॉर्न हे अक्षर, ‘एस’च्या जागी फ्रेंच ‘ई’. तेवढ्यात सरांचाच फोन आला.

“ताई, फाइल मिळाली ना? काल मी सगळं टाइम्समध्ये करून टाकलं. एकसारखं दिसावं म्हणून.”

“सर, ते करायच्या आधीची फाइल आहे का तुमच्याकडे?”

“पेनड्राइव्हवर असेल. का हो, काही बिघडलं का?”

“आधीची मिळाली तर काहीच बिघडलं नाही. तेवढी घेऊन या.”

सकाळी १०:१५

सर येईपर्यंत काय झालंय ते नव्या मुलीला दाखवते. शिकायला आली आहे, हात जलद आहे, आणि “ताई, पण असं का?” हा तिचा प्रश्न संपत नाही. मला तो आवडतो.

फाइलमध्ये अक्षर नसतं, आकडा असतो. त्या आकड्याला कोणता आकार द्यायचा ते फॉन्ट ठरवतो. १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या आस्की तक्त्यात जागा १२८, म्हणजे इंग्रजीपुरत्याच. पुढे १९८७ साली पश्चिम युरोपासाठी लॅटिन-१ हा तक्ता आला, त्यात २५६ जागा. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज अक्षरं तिथे बसली. आपल्या सोळांपैकी जागा मिळाली ती एकट्या ‘एन’वरच्या लाटेला, म्हणजे आपल्या ञला, आणि तीही स्पॅनिशच्या कृपेने. बाकीची पंधरा बाहेर.

मग संस्कृतवाल्यांनी केलं ते मराठी डीटीपीवाल्यांनीही केलं: नवा फॉन्ट बनवला आणि ठरलेल्या आकड्यांवर आपले आकार चढवले. २३३ हा आकडा लॅटिन-१मध्ये तिरकी रेघ असलेल्या फ्रेंच ‘ई’चा. सरांच्या जुन्या फॉन्टमध्ये त्याच २३३वर खाली टिंब असलेला ‘एस’ काढलेला होता. १९९० साली व्हिएन्नाच्या जागतिक संस्कृत परिषदेत एक सामाईक तक्ता ठरवायचा प्रयत्न झाला, पण फॉन्ट बनवणारे अनेक आणि प्रत्येकाची सवय वेगळी. त्यामुळे त्या काळातली फाइल हाती आली की आधी विचारायचं ते तिचा फॉन्ट कोणता.

आता सरांच्या फाइलकडे बघ, मी तिला म्हणते. मूळ लेखात ‘मेष’ जुन्या फॉन्टमध्ये होता, तिथे आकडा २३३. संदर्भसूचीत सिल्व्हाँ लेव्ही हे फ्रेंच नाव साध्या टाइम्समध्ये होतं, तिथेही आकडा २३३. कोणता २३३ ष आणि कोणता फ्रेंच ‘ई’, हे सांगणारी एकच गोष्ट फाइलमध्ये होती: त्या अक्षराला लावलेलं फॉन्टचं नाव. सरांनी सगळं निवडून एकच फॉन्ट लावला आणि ती खूण पुसली गेली. माणूस वाचून ओळखेल, पण चारशे पानं अशी ओळखत बसायची वेळ येऊ नये, म्हणून जुनी फाइल हवी.

अकराच्या आत सर पेनड्राइव्ह घेऊन हजर. “मला वाटलं फॉन्ट म्हणजे नुसतं दिसणं,” म्हणाले. साहजिक आहे. वर्षानुवर्षं पडद्यावर आणि कागदावर बरोबर दिसत असलेल्या गोष्टीवर शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

सकाळी ११:००

काम सोपं आहे, फक्त ते क्रमाने व्हायला हवं. बत्तीस ओळींचा तक्ता केला: डावीकडे जुन्या फॉन्टमधला आकडा, उजवीकडे युनिकोडमधला. शोध लावताना अट घातली की जुना फॉन्ट लावलेलं अक्षर असेल तरच बदल, म्हणजे टाइम्समधल्या लेव्हींना धक्का लागणार नाही.

युनिकोडमध्ये या सोळा अक्षरांचं बिऱ्हाड तीन ठिकाणी विखुरलेलं आहे. ञ जुन्या लॅटिन-१च्या जागेवरच. रेघवाले आ, ई, ऊ आणि तिरक्या रेघेचा श पुढच्या गटात, कारण आडवी रेघ लाटव्हियनलाही लागते आणि तसा श पोलिशलाही. राहिलेली अकरा, म्हणजे टिंबवाली सगळी, १९९३च्या आवृत्तीत आलेल्या ‘लॅटिन एक्स्टेंडेड अ‍ॅडिशनल’ या गटात. त्याच गटात व्हिएतनामी अक्षरांची मोठी रांग आहे. म्हणून एखादा फॉन्ट खाली टिंबाचा ‘ए’ दाखवतो आणि खाली टिंबाचा ‘टी’ दाखवत नाही: बनवणाऱ्याने व्हिएतनामीचा विचार केला, संस्कृतचा केला नाही. फॉन्ट निवडताना मी ट, ड, ण, ष आणि दीर्घ ॠ टाकून बघते. ॠला वर रेघ आणि खाली टिंब दोन्ही लागतं. तो नीट उमटला की बाकीचे बहुधा उमटतात. आम्ही ‘एसआयएल’ या संस्थेचा जेंटियम वापरतो.

बदल झाल्यावर अक्षरांची हजेरी. पुस्तकात आस्कीबाहेरचं प्रत्येक अक्षर किती वेळा आलं, याची यादी काढायची आणि डोळ्यांखालून घालायची. शेकड्याने येणाऱ्या अक्षरांची काळजी नसते. एकदाच किंवा दोनदाच आलेलं अक्षर मात्र उघडून बघावं लागतं, चूक बहुतेक तिथेच लपते. आजच्या यादीत असं एक निघालं: वर चढवलेला छोटा ३. त्याच्याकडे दुपारी.

दुपारी १२:१५

मुलीला टाइप करायला शिकवायचं. आमच्या संगणकांवर एक खास कीबोर्ड बसवलेला आहे, मायक्रोसॉफ्टच्या कीबोर्ड बनवायच्या प्रोग्रॅममध्ये आम्हीच केलेला. उजवा ऑल्ट दाबून ‘ए’ म्हणजे आ, ‘टी’ म्हणजे ट, ‘एस’ म्हणजे ष. श वेगळ्या कळीवर. इंग्रजी टाइपिंगचा वेग तसाच राहतो, आणि मोठ्या लिपीसाठी शिफ्ट.

पण दुसऱ्याच्या संगणकावर बसायची वेळ येते, तेव्हा वर्डमधली युक्ती उपयोगी: अक्षराचा युनिकोड आकडा टाइप करायचा आणि ऑल्ट-एक्स दाबायचं. ष हवा तर १ई६३. हा आकडा सोळाच्या पाढ्यातला, त्यात शून्य ते नऊ अंक आणि ‘ए’ ते ‘एफ’ अक्षरं. तिने ‘दोष’ लिहून बघितला, जमला. मग ‘मेष’ लिहिला: ‘एम’, ‘ई’, १ई६३, ऑल्ट-एक्स. पडद्यावर ‘एम’च्या पुढे रिकामी चौकट.

“ताई, दोषला झालं, मग मेषला का नाही?”

कारण ‘दो’मधला ‘ओ’ त्या पाढ्यात बसत नाही, ‘मे’मधला ‘ई’ बसतो. वर्ड मागे मागे जात आकडा गोळा करतो. त्याला वाटलं आकडा ई१ई६३, आणि त्या जागी युनिकोडमध्ये अक्षरच नाही. संस्कृत शब्दांत व्यंजनाच्या आधी ‘ए’ किंवा ‘ई’ सतत येतात, त्यामुळे हे पदोपदी घडतं. उपाय असा की फक्त शेवटचे चार अंक निवडायचे आणि मग ऑल्ट-एक्स, किंवा आकड्याआधी ‘यू’ आणि अधिकाची खूण द्यायची. तिने ‘मेष’ पुन्हा केला, मग ‘कट’, मग ‘पाठ’. पाठला ‘पा’ आधीच रेघेचा असल्याने अडचण आली नाही, हे तिचं तिनेच पाहिलं आणि मला सांगितलं.

तिसरा मार्ग मृत कळीचा, इंग्रजीत ‘डेड की’. हा टाइपरायटरचा वारसा. युरोपातल्या टाइपरायटरांवर तिरक्या रेघेची कळ दाबली की रेघ उमटायची, पण कॅरेज पुढे सरकायचं नाही. मग ‘ई’ दाबला की तो त्याच रेघेखाली बसायचा. मराठी टाइपरायटर चालवलेल्यांना अशा कळा ठाऊक आहेत. मॅकवर ‘एबीसी एक्स्टेंडेड’ कीबोर्ड निवडला तर अजून हेच चालतं: ऑप्शन-ए दाबून अक्षर दाबलं की वर रेघ, ऑप्शन-एक्स दाबून अक्षर दाबलं की खाली टिंब. मात्र युनिकोडच्या साठवणीत क्रम उलटा, आधी अक्षर आणि मागून खूण. हात आधी खूण मारतो आणि फाइलमध्ये ती नंतर येते. आपल्या ऱ्हस्व वेलांटीसारखंच, ती दिसते आधी आणि साठवली जाते व्यंजनानंतर.

दुपारी २:००

जेवण झालं. संदर्भसूची.

आमच्या कामाचा खरा कस इथे लागतो, कारण संस्कृतचा अभ्यास सगळ्या युरोपात झाला आणि प्रत्येक देश आपापली अक्षरं घेऊन आला. ऑटो ब्योटलिंक, रुडॉल्फ रोटबरोबर सेंट पीटर्सबर्गचा महाकोश करणारे: ‘ओ’वर दोन टिंबं. गेओर्ग ब्यूलर, मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणारे: ‘यू’वर दोन टिंबं. जर्मन रिवाजात ती टिंबं देता आली नाहीत तर पुढे ‘ई’ लिहितात, त्यामुळे जुन्या ग्रंथसूच्यांत ब्यूलर तीन तऱ्हांनी सापडतात: टिंबांसह, ‘ई’सह आणि नुसतेच. तीन निरनिराळे लेखक वाटावेत असे. सरांच्या मजकुरात तिन्ही होते, मी टिंबांचे एक केले. विगो फाउसब्योल, १८५५ साली कोपनहेगनला धम्मपद संपादित करून छापणारे डेन: त्यांच्या ‘ओ’मधून तिरपी रेघ आरपार जाते.

आणि आता तो छोटा ३. नाव पोलिश, स्तानिस्वाव शायेर, वॉर्साचे बौद्ध तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. त्यांच्या नावात काट मारलेला ‘एल’ आहे. पश्चिम युरोपाच्या तक्त्यात त्याला जागा नव्हती, मध्य युरोपाच्या लॅटिन-२मध्ये होती, १७९ या आकड्यावर. तोच १७९ लॅटिन-१मध्ये वर चढवलेला ३ आहे. कुठल्यातरी जुन्या फाइलमधून नाव उचललं गेलं, उघडताना तक्ता बदलला आणि ‘एल’चा ३ झाला. आधीच्या प्रूफवाचकाने तो तळटीपेचा आकडा समजून नावातून काढला आणि टोकाला नेऊन ठेवला. नाव मधोमध एका अक्षराने तोकडं आणि पानाखाली तळटीप नाही. हा एक ३ दुरुस्त करायला पाऊण तास गेला, कारण अशी आणखी नावं असतील तर तीही शोधायची होती. माझ्या मते तो वेळ सत्कारणी लागला. माणसाचं नाव आहे ते.

या दोन तक्त्यांमुळेच युनिकोडआधी फाउसब्योल आणि शायेर एका साध्या फाइलमध्ये नीट बसू शकत नव्हते. दोघांनी पाली-संस्कृतचंच काम केलं, पण त्यांच्या नावांना तक्ते दोन लागत.

सूचीत गोव्याचीही एक नोंद आहे: थॉमस स्टीफन्स, १५७९ साली गोव्यात आलेले जेझुइट. त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं, मराठी मजकूर आणि लिपी रोमन. म्हणजे मराठीचे ध्वनी लॅटिन अक्षरांत कसे बसवायचे, हा प्रश्न आपल्याकडे चारशे वर्षांचा आहे. पोर्तुगीज ‘ए’वरची लाट आणि ‘सी’खालची शेपटी लॅटिन-१मध्ये आहेत, त्यामुळे ही नोंद पहिल्याच फटक्यात बरोबर आली.

दुपारी ३:४५

परदेशातल्या परीक्षकांची टिपणं मेलने आली आहेत. प्रत्येक ष-च्या जागी तीन खुणा: तिरकी रेघ असलेला ‘ए’, छोटा १ आणि पौंडाची खूण. विसर्गाच्या जागी दोन खुणा आणि पुढे जपानी येन.

हे बघून मुलगी घाबरली, पण सकाळच्या फाइलपेक्षा ही गोष्ट कितीतरी सोपी. यूटीएफ-८ या पद्धतीत, जी केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली आखली, आस्कीतलं अक्षर एका बाइटमध्ये मावतं आणि ष-ला तीन बाइट लागतात. मेल उघडणाऱ्या प्रोग्रॅमने त्या तिघांना एक न मानता सुटी सुटी तीन पश्चिम युरोपीय अक्षरं म्हणून दाखवलं. बाइट सगळे शाबूत आहेत. फाइल पुन्हा यूटीएफ-८ म्हणून उघडली की ष परत येतो. सकाळी आकडे शाबूत होते पण त्यांचा अर्थ सांगणारी खूण गेली होती. इथे काहीच गेलेलं नाही.

एक सावधगिरी मात्र तिच्या वहीत लिहून घेतली. ट-चा तिसरा बाइट अशा वेळी अदृश्य हायफन म्हणून वाचला जातो. कुणी साफसफाई म्हणून अदृश्य हायफन काढून टाकले, तर सगळे ट कायमचे गेले. म्हणून बिघडलेल्या मजकुरावर आधी काहीही करायचं नाही, फक्त पुन्हा उघडायचा.

दुपारी ४:३०

पीडीएफमध्ये ‘रामायण’ शोधला. पहिल्या चार लेखांत सापडतो, पाचव्यात नाही. पान उघडून बघितलं तर शब्द तिथे ठळक दिसतो आहे.

रेघवाला ‘ए’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, आयता जोडलेला, आकडा ०१०१. दुसरा, साधा ‘ए’ आणि त्यामागे सुटी रेघ, ०३०४. कागदावर दोन्ही एकच. युनिकोड दोघांना समान मानतो आणि एकातून दुसऱ्यात न्यायचा नियमही देतो, पण सगळे प्रोग्रॅम तो नियम पाळत नाहीत. पाचवा लेख सुट्या रेघांनी लिहिलेला होता. संपूर्ण पुस्तक आयत्या रूपात आणलं, पुन्हा शोधलं, सगळीकडे सापडला.

फाउसब्योलांचा ‘ओ’ आणि शायेरांचा ‘एल’ या नियमात येत नाहीत. त्यांची काट म्हणजे सुटी खूण नव्हे, अक्षर अख्खंच वेगळं. त्यामुळे ज्या ग्रंथालयांत खुणा गाळून शोध घेतात, तिथे ब्यूलर साध्या ‘यू’ने सापडतात आणि शायेर साध्या ‘एल’ने सापडतीलच असं नाही. त्यासाठी वेगळा तक्ता लागतो.

संध्याकाळी ५:३०

शब्दसूची. नुसत्या आकड्यांवर क्रम लावला तर बॉप, मग ब्युर्नूफ, आणि त्यांच्यानंतर ब्योटलिंक नि ब्यूलर, कारण टिंबवाल्यांचे आकडे ‘झेड’च्या पुढचे. रेघवाल्या आ-चे, श-चे आणि ष-चे शब्द तर सूचीच्या अगदी तळाला. इंग्रजी वाचक ‘आनंदवर्धन’ ‘ए’खालीच शोधणार. क्रमवारीचे नियम भाषेनुसार लावणारी सोय वापरली: आधी खुणा न मोजता अक्षरं, बरोबरी झाली तरच खूण. ब्योटलिंक बॉपच्या आधी आले, ब्यूलर ब्युर्नूफच्या आधी. संस्कृत शब्दांची सूची वर्णमालेच्या क्रमाने वेगळी द्यावी, असं मी प्रकाशकांना आजच कळवलं आहे. पाच पानं वाढतील, पण या पुस्तकाचा वाचक ती वापरेल.

संध्याकाळी ६:१५

सरांचा पुन्हा फोन. सकाळी जो प्रश्न आम्ही बाजूला ठेवला होता, त्याचा.

“ताई, ळ-चं काय ठरवायचं?”

प्रश्न कठीण आहे आणि तो खास आपला आहे. रूढ पद्धतीत खाली टिंबाचा ‘एल’ म्हणजे संस्कृतचा ऌ, कॢप् धातूतला. पण पुस्तकात पोथ्यांच्या मालकांची मराठी आडनावं आहेत, काळे, धुळेकर, आणि तिथे टिंबाचा ‘एल’ ळ म्हणून वाचला जाणार. ळ-ला खाली आडवी रेघ द्यावी म्हटलं तर एक लेख तंजावरच्या सरस्वती महालातल्या पोथ्यांवर आहे, त्यात तमिळ शब्द येतात, आणि तमिळ अभ्यासक खाली रेघेचा ‘एल’ वापरतात तो ‘तमिळ’ या नावातल्या शेवटच्या ध्वनीसाठी. तीन ध्वनी, खुणा दोन.

२००१च्या आयएसओ १५९१९ या मानकात वाट आहे: ळ-ला टिंब, तमिळच्या त्या ध्वनीला खाली रेघ, आणि ऌ-ला खाली छोटं वर्तुळ. मग ऋ-लाही वर्तुळच द्यावं लागतं, टिंब राहत नाही. सरांची सगळी हयात टिंबाच्या ऋ-वर गेलेली.

“वर्तुळाचा ऋ छापताना नीट येतो का?” त्यांनी विचारलं.

त्याला आयतं अक्षर नाही. ‘आर’ आणि सुटं वर्तुळ, आकडा ०३२५, असं जोडावं लागतं, आणि वर्तुळ कुठे बसवायचं हे फॉन्टने सांगावं लागतं. फोन चालू असतानाच टाकून बघितलं: ऋ, दीर्घ ॠ, तिरप्या वळणात, ठळक वळणात. जेंटियममध्ये चारही ठिकाणी वर्तुळ मधोमध बसलं. सरांना तसं सांगितलं.

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “करा वर्तुळ. आडनावं चुकीची जायला नकोत. प्रस्तावनेत मी दोन ओळी लिहून देतो.”

शैलीपत्रकात नोंद केली: ऋ, ॠ, ऌ वर्तुळाने, ळ टिंबाने, तमिळ ध्वनी रेघेने. अनुस्वाराचं टिंबही त्या मानकाप्रमाणे ‘एम’च्या वर जाईल. कीबोर्डवरच्या चार कळा उद्या सकाळी बदलायच्या आहेत, आणि बदल झाल्यावर अक्षरांची हजेरी पुन्हा.